कानपिळीचा माऊस

“पंजा पसर,” निनाद म्हणाला.

माझ्या भावाने काउंटरवर पंजा पसरला. दीपू तेव्हा तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळायचा. त्याचा हात म्हणजे हात नव्हे, भाकरी थापायची परात. निनादने साडीच्या दुकानातून मागून आणलेली टेप त्याच्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लावली, मग आडवी लावली, आणि “बापरे” म्हणाला.

“आणि माऊस धरतोस कसा? अख्खा तळवा टेकवून, बोटं वाकवून, का नुसत्या बोटांच्या टोकांनी?”

दीपूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“घट्ट,” दीपू म्हणाला.

दुकानदार मगदूम खोकला. निनाद मात्र गंभीर. “बरं, सेन्सिटिव्हिटी किती ठेवतोस? कमी का जास्त?”

“मध्यम,” दीपू म्हणाला, हॉटेलात तिखट किती विचारल्यासारखं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायला लागलं. कारण हा माऊस दीपूला नको होता. दीपूने आयुष्यात एक गेम खेळला नव्हता. माऊस हवा होता मला. आणि निनाद, ज्याच्याशी माझं लग्न पुढच्या महिन्यात होतं, त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आता हा घोळ झाला कसा ते सांगते. आम्ही विट्याचे. घरात कम्प्युटर आला तो दीपूच्या शिक्षणासाठी, आणि दीपू गेला मैदानावर. मग त्या कम्प्युटरवर बसणार कोण? मी. फार्मसीचा अभ्यास संपला की मी बसायचे आणि गोळ्या घालायचे. पडक्या किल्ल्यात शिरायचं, समोरच्याने आपल्याला टिपायच्या आत त्याला टिपायचं, असा तो गेम. आणि खोटं कशाला बोलू, मी त्यात भारी होते. मला स्वयंपाक बरा येत होता, रांगोळी बरी येत होती, अभ्यास बरा होता. भारी एवढी एकच गोष्ट येत होती.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे अजिबात पसंत नव्हतं. “पोरगी बंदूक घेऊन फिरते असं सांगू का पाहुण्यांना?” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे स्थळांच्या कागदावर माझे छंद म्हणून शिवणकाम आणि वाचन पडलं. निनाद बघायला आला तेव्हा कोपऱ्यातला कम्प्युटर, ते हेडफोन बघून त्याने विचारलं, “इथे कोण खेळतं?” आई, अण्णा आणि मी, तिघांनी एकाच वेळी दीपूकडे बोट दाखवलं. दीपूने तोंडातली भजी गिळून मान हलवली. झालं. तेव्हापासून दीपू मोठा खेळाडू.

लग्न ठरल्यावर माझ्या जुन्या माऊसचं बटण गेलं. एकदा दाबलं की दोनदा दाबलं जायचं. नवा मागवावा तर घरी येणारं प्रत्येक खोकं आई दारातच विळीवर उघडायची. आणि मला तर माऊस लग्नानंतर पुण्याला न्यायचा होता, बॅगेत साड्यांच्या खाली. सासरी गेल्यावर खेळ सोडायचा हे मला सगळ्यांनी गृहीत धरून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मनातून मात्र मी सोडणार नव्हते. मला सोडायचंच नव्हतं.

तेव्हा दीपूला आयडिया सुचली. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेव त्याला आहेर देतो, ती कानपिळी. त्या आहेराला कुणी नाही म्हणू शकत नाही. घड्याळ म्हणा, सफारीचं कापड म्हणा, मेव्हणा मागेल ते मुकाट्याने द्यायचं. “मी माऊस मागतो,” दीपू म्हणाला, “आणि तुझ्या बॅगेत टाकतो. सगळ्या वऱ्हाडादेखत आलेला माल, कोण तपासणार?” मला भाऊ पहिल्यांदाच हुशार वाटला.

आणि मागितला त्याने. बस्त्याच्या दिवशी, सांगलीत, दोन्हीकडची माणसं साडीच्या दुकानात गादीवर बसलेली असताना. निनाद एकदम खुलला. तो चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर होता. साड्यांत त्याला काडीचाही रस नव्हता, आणि आता मापं घेण्यासारखं काहीतरी हाती लागलं होतं. “चला, आत्ताच घेऊ,” म्हणाला. “वृंदा, तुम्ही पण चला.” लग्नाआधी दोघंच कुठे जायची नाहीत म्हणून दीपू बरोबर होताच. पण दीपू आमच्या बाजूचा. मग त्यांच्या बाजूने निनादच्या मालन आत्या निघाल्या. अशी वरात मागच्या गल्लीत मगदूमच्या कम्प्युटरच्या दुकानात पोचली. आत्यांना तिथली एकुलती एक गादीची खुर्ची मिळाली. त्यांनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि पाय वर घेऊन बसल्या.

“घ्या की वो, हा बघा,” मगदूमने काचेच्या कपाटातून एक माऊस काढला. म्हशीच्या पाठीएवढा. पोटातून निळा, हिरवा, लाल दिवा मारत होता.

“हा दीपकच्या हाताला बरोबर बसेल,” निनाद म्हणाला. “वजन पण आहे.”

मी हळूच दुसरा उचलला. काळा, साधा, दिवा नाही बिवा नाही. हलका म्हणजे इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटावं. माझा अंगठा आणि करंगळी आपोआप जागेवर जाऊन बसली. मला तो तिथल्या तिथे घेऊन पळून जावंसं वाटलं. मी दीपूच्या पायावर पाय दिला.

“दाजी, मला हा छोटा आवडला,” दीपू म्हणाला.

“अरे, तो तुझ्या पंजात दिसणार पण नाही.”

“तरीपण. मला छोट्या वस्तू आवडतात.”

निनादने त्याच्याकडे काळजीने बघितलं. मग म्हणाला, “असं कर, चालवून बघ. खेळल्याशिवाय माऊस घ्यायचाच नसतो.”

मगदूमकडे माऊस चालवून बघायला दोन कम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले होते. त्याने त्यांवर नेमका तोच किल्ला लावला. एकावर दीपू बसला, दुसऱ्यावर निनाद. “हॉस्टेलला मला कुणी हरवायचं नाही,” निनाद हेडफोन घालत म्हणाला. “पण तू जपून नको खेळूस हां. सगळं लाव.”

दीपूने सगळं लावलं. आधी तो आकाशाकडे बघत राहिला, कारण त्याला मान खाली करता येईना. मग भिंतीला नाक लावून चालत राहिला. शेवटी त्याने एक बाँब काढला आणि स्वतःच्या पायाशी टाकला. निनादला एक गोळीही झाडावी लागली नाही.

“माऊस लहान पडतोय,” निनाद समजुतीने म्हणाला. “मोठा घे.”

मोठा घेऊन दीपू विहिरीत पडला.

“पण मोठ्याने जरा पुढे तरी गेला,” निनाद म्हणाला. आता तो चांगलाच फुगला होता. “विट्यात बरोबरीचं कोणी नसेल खेळायला, त्यामुळे कळत नाही. मी शिकवीन तुला. मगदूम, मोठा बांधा.”

मगदूमने छोटा माऊस उचलला आणि परत कपाटात ठेवायला लागला. तो माऊस गेला असता तर तो एकटा गेला नसता, हे मला कळत होतं. मी पुण्याला गेले असते, कुकर लावला असता, आणि संध्याकाळी हा माणूस सोफ्यावर बसून वाईट खेळला असता आणि मी शेजारी बसून “वा” म्हणाले असते. वर्षानुवर्षं. विट्यात बरोबरीचं कोणी नाही म्हणे.

“थांबा,” मी म्हणाले. “दीपू, ऊठ. तो छोटा इकडे द्या.”

“तू कशाला गं बाई?” आत्या म्हणाल्या.

“बघते जरा.”

निनादला फार गंमत वाटली. “बसा, बसा. चालायचं या बटणांनी, आणि...”

“लावा,” मी म्हणाले.

पहिल्या डावात तो विहिरीजवळ पडला. “अरे,” म्हणाला. दुसऱ्यात बुरुजाच्या जिन्यावर पडला, म्हणाला खुर्ची खाली आहे. खुर्ची बदलली. तिसऱ्यात दरवाज्यातून पाऊल बाहेर टाकायच्या आत पडला, म्हणाला हा माऊस जड आहे. माऊस बदलला. मगदूमने कपाटातले सगळे माऊस एकामागून एक काढून दिले आणि निनाद प्रत्येकाने हरला. मगदूम आता विकायचं विसरून माझ्या खुर्चीमागे उभा होता आणि “हाण की वो ताई, हाण” असं पुटपुटत होता.

आणि मी? मी विसरून गेले होते. बस्ता, आत्या, अंगावरची नवी साडी, सगळं. कितीतरी दिवसांनी बटण एकदा दाबलं की एकदाच दाबलं जात होतं. निनाद कोठाराच्या दारात उभा राहून उजवीकडे बघत होता, आणि मी त्याच्या मागे होते, आणि तो इतक्या वेळा त्याच जागी मेला होता की मला राहवेना.

“अरे मागे बघ की, मूर्खा!” मी ओरडले, आणि गोळी घातली.

आत्यांचा भडंगाचा घास हवेतच राहिला. विट्यात लग्न झालेली बाईसुद्धा नवऱ्याला चारचौघांत अरे म्हणत नाही. माझं तर अजून लग्नही झालं नव्हतं आणि मी अरेवर थांबलेही नव्हते. निनादचे कान लालबुंद झाले. तो पाणी पितो म्हणून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तेवढ्यात आत्या उठून माझ्या कानाशी आल्या.

“पोरी, तू खेळतेस ते मला कळलं. मी काय कुणाला सांगायची नाही.” हे त्या ज्या तोंडाने बोलत होत्या ते तोंड त्यांच्या अख्ख्या भावकीत प्रसिद्ध होतं, पण ते मला पुढे कळलं. “पण आता एक डाव सोड.”

“सोडू म्हणजे?”

“हर. एकदाच. अगं, पुरुषाचा जीव तो. तिकडे सगळे खोळंबलेत, आणि हा तोंड पाडून गेला तर तिथे काय सांगायचं? संसारात सोडावं लागतं बाई. आम्ही काय कमी सोडलंय का?”

“ताई, हर,” दीपू दुसऱ्या कानात म्हणाला. “पाया पडतो. पत्रिका छापून झाल्यात. अण्णा मला जिवंत ठेवणार नाहीत.”

मी निनादच्या पाठीकडे बघितलं. तो मगदूमच्या माठावरचा पेला हातात धरून नुसताच उभा होता. खरं लफडं हे होतं की तो मला आवडला होता. बघायला आला तेव्हा त्याने दुसऱ्यांदा भजी मागून घेतली होती, आणि माझे छंद कुणी वाचून दाखवले तेव्हा हसू दाबलं होतं. तो नाराज झाला, उद्या त्यांच्याकडून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला, तर मला वाईट वाटणार होतं. अण्णांसाठी नाही. माझ्यासाठी.

निनाद परत येऊन बसला. “शेवटचा,” म्हणाला.

मी हरले. किल्ल्याच्या दारात, भर उजेडात जाऊन उभी राहिले, समोरच्या भिंतीवर चार गोळ्या घातल्या आणि वाट बघत राहिले. त्याने टिपलं.

“जिंकला!” आत्यांनी टाळ्या वाजवल्या. दीपूनेही वाजवल्या. मी “वा” म्हणाले.

निनादने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “हे काय होतं?”

“हरले मी.”

“दारात उभी राहिलीस. पाठ करून. इतका वेळ एकदाही मला तुझी पाठ दिसली नाही, आणि आता दारात?” तोही अहोजाहो विसरला होता. “आत्या, तू हिच्या कानात काय सांगितलंस?”

“मी? मी काय बाई सांगणार? मी म्हटलं, साड्या बघायच्यात अजून.”

“दीपक?”

दीपू बूट बघत होता. निनाद माझ्याकडे वळला. तो रागावला होता, चांगलाच. मघाशी हरताना तो लाल झाला होता. आता तो पांढरा पडला होता.

“एक सांग मला. आत्ताच सांग. आयुष्यभर असंच करणार आहेस का? मी काही बोललो की वा, मी काही केलं की टाळ्या, आणि मला वाटत राहणार की मी जिंकतोय? तसं असेल तर बस्ता इथेच थांबवू. खरंच थांबवू. मला हरलेलं चालेल. हे नाही चालणार.”

दीपू मटकन खाली बसला. आत्यांनी देवाचं नाव घेतलं. आणि मगदूम, देव त्याचं भलं करो, म्हणाला, “मग दुसरा डाव लावू का वो?”

मला आधी राग आला. लग्न मोडायची धमकी देतो म्हणजे काय? आणि मग त्या रागाच्या खालून इतका आनंद वर आला की माझे डोळेच भरून आले. असं माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. मला शिवणकाम वाचन म्हणून सगळ्यांनी पुढे ढकललं होतं. हा एकटा माणूस मला परत बस म्हणत होता.

“बस खाली,” मी म्हणाले. “हेडफोन घाल. आणि माऊस हवा तो घे, मग सांगायचं नाही.”

तो बसला. आणि मी त्याला असा धुतला, असा धुतला की मगदूमने शेवटी डोळ्यांवर हात घेतला. निनादने माऊस बाजूला सारला. मग मोठा श्वास सोडून म्हणाला, “हां. आता ठीक.” आणि मगदूमला म्हणाला, “तो छोटा बांधा. हिच्यासाठी.”

“आणि माझी कानपिळी?” दीपू जमिनीवरून म्हणाला.

“तुला खरं काय हवंय?”

“बूट,” दीपू म्हणाला. “कबड्डीचे. मला पहिल्यापासून बूटच हवे होते.”

परत येताना गल्लीत मी निनादला म्हणाले, “अण्णांना सांगू नकोस हं.” तो म्हणाला, “काय सांगू नको?” आणि मला वाटलं, समजला. तो अजिबात समजला नव्हता. साडीच्या दुकानात पाऊल ठेवताच अण्णांनी कौतुकाने विचारलं, “मग, काय म्हणतोय आमच्या दीपूचा माऊस?”

“दीपूचा नाही, वृंदाचा,” निनाद गादीवर बसत खणखणीत म्हणाला. “काय खेळते हो तुमची मुलगी! मला पार झोपवला.”

अण्णांचा चेहरा उतरला. हातात धरलेल्या शालूची ते उगाचच घडी घालायला लागले. “ते... लहानपणी... आता तिने सगळं बंद केलंय,” ते कसंबसं म्हणाले. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. मी निनादच्या आईकडे बघितलं. बाकी कुणाचं काहीही होवो, आता या बाईच्या तोंडून काय निघतं यावर माझं सगळं अवलंबून होतं.

त्या शांतपणे साड्यांचे काठ बघत होत्या. “किती डाव हरलास?” त्यांनी विचारलं.

“सगळे,” दीपू म्हणाला.

“एक जिंकला की!” आत्या घाईने म्हणाल्या.

“तो धरायचा नाही,” निनाद म्हणाला. “तो तिने मुद्दाम सोडला होता. मी लगेच ओळखलं. आई, मला मुद्दाम सोडलेला डाव लगेच कळतो. आजवर मी जे जिंकलो ते स्वतःच्या हिमतीवर.”

त्याच्या आईने आत्यांकडे बघितलं. आत्यांनी त्याच्या आईकडे बघितलं. मग दोघींनी एकदम एकाच साडीचा पदर ओढला आणि त्यावरची बुट्टी निरखायला लागल्या.

“काय झालं?” निनाद म्हणाला.

“काही नाही रे.”

“आई.”

“अरे, तू रडायचास,” त्याच्या आई म्हणाल्या. “मे महिन्यात कॅरम खेळायला बसलो आणि हरलास की सोंगट्या उधळून माळ्यावर जाऊन बसायचास. सगळं काम सोडून तुझ्या मागे जिना चढायचा का मी? मग एखादा डाव सोडायचे.”

“एखादा?”

“सगळे,” आत्या म्हणाल्या. “मी तर पत्ते पण सोडायचे.”

निनाद हळूहळू मागे टेकला. तो साड्यांच्या ढिगावर टेकतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. दुकानातल्या माणसाने त्याच्या पाठीखालून एक पैठणी अलगद ओढून घेतली.

“पण गणपतीतल्या स्पर्धेचा कप?” तो म्हणाला. “तो तर मी फायनलला शेजारच्या मुकुंदला हरवून...”

“मुकुंदला मीच सांगितलं होतं,” त्याच्या आई म्हणाल्या. “चिक्कीचा पुडा दिला होता त्याला.”

मी हसले. लग्नाआधी, बस्त्यात, सासूसमोर, दोन्ही घरची माणसं बसलेली असताना, दात दाखवून, खिदळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अण्णा “वृंदा!” म्हणाले, आणि मग त्यांचंही तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. त्यांनी शालूत तोंड घातलं. निनादच्या आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष आपल्या मुलाकडे होतं.

निनाद सरळ बसला.

“कॅरम अजून घरी आहे का?”

“असेल की. पलंगाखाली.”

“आज काढ,” निनाद म्हणाला. “आणि नीट खेळ.”

त्याच्या आईने कमरेला पदर खोचला, बसल्या जागीच.

“रडायचं नाही मग,” त्या म्हणाल्या.